धाकटं कात्रज

टेंडर भरायचं असलं की आमच्या घरी थालीपीठं व्हायची. आमटी नाही, रस्सा नाही, पिठलंसुद्धा नाही. पातळ काही ताटात आलं की ते कागदावर सांडतं, आणि हळदीचा डाग पडलेला कागद शेठ लोकांपुढे कुठल्या तोंडानं ठेवायचा, असं नानांचं म्हणणं. नाना म्हणजे माझे वडील. बांधकामाचे कंत्राटदार. अरण्येश्वरला त्यांनीच बांधलेल्या एका लहानशा इमारतीत तळमजल्यावर आमचं घर होतं. रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून त्यावर जुनी चादर अंथरायची, चादरीवर नकाशे पसरायचे आणि ते गुंडाळले जाऊ नयेत म्हणून चार कोपऱ्यांवर वरवंटा, अडकित्ता, भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा आणि लोणच्याची रिकामी बरणी ठेवायची, हे माझं काम. स्वयंपाकघरातून भाजणीचा खमंग वास यायला लागला की वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकू खिडकीतून विचारायच्या, “काय, आज नाना कुठलं काम धरणार?” आई तव्यावरचं थालीपीठ उलटत म्हणायची, “धरतील तेव्हा कळेल. तुम्हाला एक पाठवू का?” काकू नाही म्हणायच्या आणि पाच मिनिटांत रिकामी ताटली घेऊन खाली यायच्या.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बिल्डर स्वतः काही बांधत नाही. तो जागा घेतो, नकाशे काढून घेतो, आणि मग चार-सहा कंत्राटदारांना बोलावून नकाशांबरोबर एक लांबलचक यादी हातात देतो. खोदाई, काँक्रीट, विटकाम, गिलावा, फरशी, एकेक काम आणि त्याचं माप. त्यापुढचा रकाना मोकळा. त्यात आपण कुठल्या दरानं काम करू ते लिहायचं, पाकीट बंद करायचं आणि नेऊन द्यायचं. आमच्या घरात ती यादी मी मोठ्यानं वाचायची. नाना डोळे मिटून खुर्चीत मागे रेलायचे, हातातला थालीपीठाचा तुकडा तसाच राहायचा, आणि थोड्या वेळानं डोळे न उघडता ते दर सांगायचे. मी पेन्सिलनं लिहायची. कधी म्हणायचे, “खोड. तिथली जमीन खडकाळ आहे, वाढव.” सगळं झाल्यावर मी शाईनं आकड्यात आणि अक्षरी उतरवायची. माझं अक्षर चांगलं होतं, अजूनही आहे. शेवटी पाकीट. मेणबत्तीवर लाखेची कांडी धरून तिचे लाल थेंब पाकिटाच्या जोडावर पाडायचे, आणि लाख निवायच्या आत नानांनी बोटातली अंगठी त्यात दाबायची. त्या लाखेचा वास, मेणाचा वास आणि भाजणीचा वास एकत्र झाला की मला वाटायचं, जगात आपण दोघंच आहोत, मी आणि नाना. बाकीचे सगळे थालीपीठं करायला आणि खायला.

मग वसंता आला.

वसंता माझा चुलतभाऊ. धाकटे काका मांजरीला असत, उसाची शेती होती. त्यांचा हा मधला मुलगा. माझ्याहून वर्षभरानं लहान. एका पत्र्याच्या ट्रंकेत चार कपडे, काकूनं दिलेली काकवीची बाटली आणि नकाशे काढायचा, तारेनं बांधलेला टी-स्क्वेअर घेऊन तो आमच्या दारात उभा राहिला, आणि पहिल्याच वाक्यात मला म्हणाला, “आक्का, नाना हाईत का घरात?” आक्का! मला घरात सगळे नलू म्हणत. एका दिवसात मी पन्नाशीची झाले. तो आला होता नानांकडे काम शिकायला. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून आला होता, सिव्हिलचा. आणि हे मी नीट सांगितलं नाही तर पुढचं काहीच कळायचं नाही: तो डिप्लोमा मला करायचा होता. मार्क होते. फॉर्मही आणला होता. नाना फॉर्म हातात घेऊन म्हणाले होते, “मुलीनं साइटवर काय करायचं? पाट्या वाहणाऱ्या बायका आहेत तेवढ्या पुरे.” मी बी.कॉम.ला गेले आणि जमाखर्च शिकले. ज्याच्या फॉर्मला कुणी आडकाठी केली नाही, तो डिप्लोमा घेऊन आमच्या दारात चपला काढत होता.

आता वय झाल्यावर लोक म्हणतात, जुन्या गोष्टींचा विसर पडतो, राग निवतो. कुणाचा निवत असेल. मला अजून आठवतं, पहिली भाकरी कुणाच्या ताटात पडायची ते. आधी नानांच्या, मग माझ्या. वसंता आल्यावर आई म्हणायची, “तो साइटवरून दमून आलाय गं,” आणि तव्यावरची फुगलेली भाकरी त्याच्याकडे. माझ्या वाट्याला दुसरी, जी कधी फुगत नसे. निदान मला तसं वाटायचं. मग टेबलावरची माझी खुर्ची गेली. नानांच्या उजव्या हाताची. एका रविवारी मी यादी घेऊन येते तो वसंता तिथं बसलेला, पुढ्यात लाल आकड्यांचं कॅल्क्युलेटर. नाना डोळे उघडे ठेवून बसलेले! दर सांगत नव्हते, विचारत होते. “वसंता, सिमेंटच्या किती गोणी धरल्या?” मला कधी विचारलं नाही. मी वाचणारी होते, विचारण्यासारखी नव्हते. तरी लाख माझी होती. तीही त्या संध्याकाळी गेली. मी मेणबत्ती पेटवली आणि वसंता अगदी प्रेमानं म्हणाला, “आक्का, तुम्ही ऱ्हाऊ द्या, बोट पोळंल,” आणि कांडी माझ्या हातातून काढून घेतली. त्यानं ती दुष्टपणानं काढून घेतली असती तर मी सुखानं त्याचा द्वेष केला असता. हा माणूस तेवढीही सोय ठेवत नसे.

पण देव सगळीकडे असतो म्हणतात, तो आमच्या न्हाणीघरात होता. वसंता आला त्याच महिन्यात आमची जुनी दगडी मोरी काढून नवं न्हाणीघर करायचं ठरलं. वसंताची पहिली साइट, असं नानांनी सगळ्यांना कौतुकानं सांगितलं. मी सकाळी कॉलेजात जायची, संध्याकाळी यायची, आणि आठवडाभरात पांढऱ्या फरशीचं झकपक न्हाणीघर तयार झालं. पहिल्या आंघोळीलाच कळलं. पाणी जाळीकडे निघायचं, अर्ध्या वाटेत त्याचं मन बदलायचं, आणि ते वळून दाराआडच्या कोपऱ्यात जाऊन बसायचं. ढाळच चुकला होता. प्रत्येकाच्या आंघोळीनंतर कुणीतरी खराट्यानं ते पाणी जाळीपर्यंत लोटायला हवं, आणि घरातलं ते कुणीतरी म्हणजे मी. मी त्या डबक्याला नाव ठेवलं, धाकटं कात्रज. थोरल्या कात्रजचा तलाव पेशव्यांच्या वेळचा, आमचा वसंतरावांच्या वेळचा. पाहुण्यांसमोर म्हणायची, “हातपाय धुऊन या, पण जपून, आमच्याकडे तलाव आहे. इंजिनियरांनी बांधलाय.” पाहुणे हसायचे. वसंताही हसायचा, मान खाली घालून. एकदाही उलट बोलला नाही. आई मात्र हसत नसे. “पुरे झालं गं नलू,” म्हणायची, आणि विषय बदलायची. मला वाटायचं, ही पण त्याच्याच बाजूची.

अशात कात्रजचं टेंडर आलं. खऱ्या कात्रजचं. दूध डेअरीच्या पुढे डोंगराच्या बाजूला एक मोठी वसाहत उभी राहायची होती, एका ओळीत इमारती, मध्ये बाग, शाळेची जागा. ज्या शेठचं ते काम होतं त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं अजून याच धंद्यात आहेत आणि माझ्या भाच्याला, वसंताच्या मुलाला, त्यांच्याकडून कामं मिळतात. त्या वर्षी आमच्याकडे मोठं काम नव्हतं. नाना दिवसभर घरी असायचे, दोनदा पेपर वाचायचे आणि आईच्या डब्यांची झाकणं नीट लागत नाहीत म्हणून चिडायचे. गवंडी लोक सकाळी येऊन ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे आणि काही न बोलता निघून जायचे. त्यांच्यापैकी दोघं दुसऱ्या कंत्राटदाराकडे लागले तेव्हा नाना दोन दिवस नीट जेवले नाहीत. हे काम मिळणं म्हणजे काय होतं ते मला कळत होतं. तो रविवार दुपारपासून संध्याकाळपर्यंत चालला, थालीपीठं तीनदा झाली, मी दाराशी उभी राहून बघत होते. लाख वसंतानं लावली. थेंब वेडेवाकडे पडले होते, एवढंच समाधान.

पाकिटं उघडली त्या दिवसाची हकीकत जेवताना वसंतानं सांगितली. शेठच्या ऑफिसात सगळे कंत्राटदार रांगेनं बसलेले. अर्धा-अर्धा कप चहा. शेठ एकेक पाकीट कात्रीनं उघडणार, शेवटचा आकडा मोठ्यानं वाचणार, आणि बाकी सगळे तो कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून घेणार. “आन् कुनाच्याबी तोंडावर काय दिसत न्हाई, आक्का. जनू समदी भजनाला बसल्यात.” घाईत किंवा आनंदात असला की त्याची मांजरीकडची बोली अशी जास्तच बाहेर यायची. नानांचा आकडा खालून दुसरा आला होता. मी म्हटलं, “म्हणजे गेलं काम.” नाना भात कालवत म्हणाले, “गेलं कसं? सगळ्यात कमीवाल्याला काम देतं ते सरकार. शेठ लोकांना कमीवाल्याचीच भीती. परवडलं नाही की काम अर्ध्यात सोडून पळतो. आता खालचे तिघं निवडलेत. दर बोलून झाले, तिघंही आता सारख्यावर आलेत. आता तो बघणार.” काय बघणार? तर शेठची रीत अशी होती की शेवटच्या तिघांची जुनी कामं तो स्वतः, न सांगता जाऊन बघायचा. बाजारात सगळ्यांना माहीत होतं. कुठल्याशा इमारतीत शिरायचा, राहणाऱ्या बायकांना विचारायचा, छत गळतं का, खिडक्या बसतात का, आणि त्यावर ठरवायचा.

“हे काम मिळू दे,” नाना पुढे म्हणाले, “पाटी बदलून घेऊ. माझ्या नावाखाली वसंताचं. आता ह्याच्याशिवाय होत नाही.”

वसंताचा घास हातातच राहिला. मी विचारलं, आणि हसत विचारलं, म्हणजे थट्टेवारी नेता यावं, “आणि माझं नाव?”

“तुझं पत्रिकेवर छापू की! सोनेरी अक्षरात,” नाना म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन त्यांनी ताक मागितलं.

त्या क्षणापासून ते काम नानांना मिळू नये असं मला वाटायला लागलं. स्पष्टच लिहिते. घरात काम नाही, बाप झाकणांवर चिडतोय, हे डोळ्यांसमोर असताना मी देवापुढे दिवा लावून म्हणायची, दुसऱ्या कुणालाही दे. सगळ्यांना वाटायचं, पोरगी कामासाठी साकडं घालते आहे. आईनं माझ्या तोंडावरून हातसुद्धा फिरवला एकदा. मला नानांचं वाईट व्हायला नको होतं, फक्त वसंताचं चांगलं व्हायला नको होतं, आणि ह्या दोन गोष्टी वेगळ्या करायची काही सोय देवाकडे नव्हती.

इकडे तयारी जोरात. नानांच्या जुन्या इमारतींची यादी निघाली. खडकीला एका इमारतीत जिन्याचा गिलावा फुगला होता, तिथं वसंता दोन गवंडी घेऊन गेला आणि करून आला. बिबवेवाडीत एका बाईंची कडी लागत नव्हती, ती लावून आला. जाईल तिथं बायका त्याला चहा द्यायच्या आणि तो आम्हाला येऊन सांगायचा. नाना टेबलावर बोटं वाजवत म्हणायचे, “शेठ आता कुठंही जाऊ दे.”

शेठ कुठंच गेला नाही. तो आमच्या घरी आला.

रविवारची सकाळ. नानांची आंघोळ नुकतीच झालेली, ते बनियन आणि लुंगीवर; वसंता बाहेर सायकल पुसत होता; आई पोह्यांना फोडणी देत होती आणि मी हातात खराटा घेऊन धाकट्या कात्रजकडे निघालेली. दारात एक ठेंगणे, पांढऱ्या टोपीचे गृहस्थ उभे. नानांची धांदल उडाली. शर्ट उलटा चढवला, तो तसाच राहिला. “अहो शेठ, निरोप द्यायचा, गाडी पाठवली असती.” शेठ म्हणाले, “दुसऱ्याचं घर कंत्राटदार नीटच बांधतो, नानासाहेब, मोबदला घेतो म्हणून. स्वतःचं कसं बांधतो ते बघत फिरतोय मी. हातपाय धुवायला मिळतील?” आणि कुणी काही म्हणायच्या आत ते न्हाणीघराच्या दाराशी. मी खराटा पाठीमागे लपवला. का लपवला कोण जाणे, सवयीनं.

शेठनी पाय धुतले नाहीत. त्यांनी आईकडे तांब्याभर पाणी मागितलं, ते पलीकडच्या भिंतीशी हळूच ओतलं आणि कमरेवर हात ठेवून बघत उभे राहिले. आम्ही सगळे दारात. पाणी जाळीकडे निघालं. त्या दिवशी तरी ते जाळीपर्यंत जाईल असं नानांना वाटलं असावं, ते किंचित पुढे वाकले. अर्ध्या वाटेत पाणी थबकलं, वळलं आणि रोजच्या कोपऱ्यात जाऊन गुपचूप बसलं. फोडणीतल्या मोहरीचा वास घरभर पसरला होता, कढई बहुतेक करपत होती, पण आई जागची हलली नाही.

“वहिनी, रोज साचतं का हो हे?”

“रोज असं नाही,” आई म्हणाली, “कधीमधी.”

“आज जरा पाणी जास्त ओतलं गेलं,” नाना म्हणाले.

आणि मी म्हटलं, “रोज साचतं. दिवसातून प्रत्येकाच्या आंघोळीला. मीच लोटते, हा बघा खराटा. आम्ही याला धाकटं कात्रज म्हणतो. आमच्या वसंताचं काम आहे. त्याची पहिली साइट.”

किती बरं वाटलं मला! वर्षभराचं साठलेलं एका दमात बाहेर आलं. आईनं डोळे मिटून घेतले. नाना वर छताकडे बघायला लागले, तिथं काही नव्हतं. शेठनी मान वळवून वसंताकडे पाहिलं. त्याच्या हातात सायकलचं फडकं होतं. तो एकदा पाण्याकडे बघत होता, एकदा नानांकडे. मग म्हणाला, “व्हय. माझ्याच हातचं हाय. ढाळ चुकला माझा.”

“मग दुरुस्त का नाही केलास?”

“करायला पायजे हुतं. आक्काला रोज तरास हुतो. लोकांची करत बसलो आन् घरचं राह्यलं. ह्यात दुसऱ्या कुनाचा दोष न्हाई.”

शेठनी माझ्या हातातून खराटा मागून घेतला, पाणी स्वतः जाळीपर्यंत लोटलं आणि खराटा भिंतीला टेकवून ठेवला. “बाकीच्या दोघांकडेही जाऊन आलो,” म्हणाले. “पाणी तिथंही साचतं. एक म्हणाला, गवंडी पळून गेला. दुसरा म्हणाला, बायको पुसत नाही. हे माझं चुकलं असं म्हणणारा आज भेटला. वहिनी, पोहे झाले असतील तर खाऊन जातो.” करपलेले पोहे त्यांनी दोनदा घेतले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. काम नानांना. अट एकच, साइटवर पूर्णवेळ तो मुलगा पाहिजे.

म्हणजे मी काय केलं बघा. मी ज्याला पाडायला तोंड उघडलं, त्याला उभं राहायला चौरंग मीच मांडून दिला. करायला गेले गणपती, झाला मारुती. घरात पेढे आले. गवंडी ओट्यावर बसून हसायला लागले. जोशीकाकू रिकामी ताटली न आणता खाली आल्या. आठवड्याभरात नवी पाटी लागली, नानांच्या नावाखाली वसंताचं नाव, निळ्यावर पांढरं. नाना पाटीखाली उभे राहून पुढे-मागे होऊन बघत होते, सरळ लागली का. मी ओळंबा आणून दिला.

आणि न्हाणीघर? वसंता पुढच्याच रविवारी छिन्नी-हातोडा घेऊन बसला होता, फरशी उखडून ढाळ नीट करायला. नानांनी करू दिलं नाही. “हात लावायचा नाही त्याला,” म्हणाले. “त्या पाण्यानं काम मिळवून दिलंय. शुभ आहे.” झालं! शुभ पाणी रोज सकाळी लोटायला मी होतेच.

असंच एकदा लोटत होते, तोंडानं बडबड चालू होती. वसंताच्या नावानं काहीतरी असणार, दुसरं काय. आई धुणं पिळत होती. ती हातातलं पिळायचं थांबली आणि म्हणाली, “नलू, तो ढाळ वसंताचा नाही.”

मी खराटा थांबवला.

“तू कॉलेजात होतीस. फरशी कमी पडली, म्हणून नानांनी कुठल्याशा साइटवरची उरलेली आणली. ती जाड निघाली. ढाळ द्यायचा तर उंबरा फोडून वर घ्यायला हवा होता. वसंता म्हणत होता, नाना, असं बसवलं तर पाणी जायचं नाही. नाना त्याच्यावर गवंड्यादेखत ओरडले. म्हणाले, मला शिकवतोस? बसव म्हणतो तसं. मी गवंड्याला चहा द्यायला आले होते, माझ्यासमोर झालं.” आईनं पिळलेला कपडा झटकला. “त्या दिवशी शेठसमोर हे छताकडे बघत राहिले. मग ते पोर बोललं.”

“मग तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुझं ते कात्रज-कात्रज ऐकून घ्यायचा तो. म्हणायचा, काकू, असू द्या, नानांना कमीपणा नको. त्यानं शपथ घातली होती. आज मोडली.”

मला शरम वाटली असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. थोडी वाटली. पण जे खरोखर वाटलं ते लिहायलाच मी हे सगळं मांडून बसले आहे. मला वाटला हेवा. खुर्चीचा, भाकरीचा, लाखेचा, पाटीचा सगळा हेवा एका बाजूला, आणि हा एका बाजूला. नानांची मुलगी मी. त्यांच्यासाठी भर चौकात खोटं बोलले असते, कुणाशीही भांडले असते, इतकी वर्षं त्याचीच तर वाट बघत होते. आणि बापाला खरोखर आपल्या माणसाची गरज पडली, त्या एका घटकेला मी खरं बोलत उभी होते. माझ्या समजुतीप्रमाणे खरं. खोटं बोलून त्यांची लाज राखण्याची जागा वसंतानं घेतली. तेवढी एक तरी माझी असायला हवी होती.

नाना त्याबद्दल कधी बोलले नाहीत. वसंताशीही बोलले नसणार. फक्त त्यानंतर रविवारी थालीपीठ आलं की पहिलं ते स्वतः उचलून वसंताच्या ताटात ठेवायचे. मी बघायची, आणि चटणीची वाटी पुढे सरकवायची.

नाना जाऊन आता खूप वर्षं झाली. अरण्येश्वरची ती इमारतही राहिली नाही. लग्नानंतर आम्ही कात्रजच्या त्याच वसाहतीत घर घेतलं, आणि मी अजून तिथंच राहते. आता आमच्या सोसायटीतही पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत. कंत्राटदाराची मुलगी म्हणून मला कमिटीवर घेतलंय. हल्ली टेंडर कॉम्प्युटरवर येतं, लाख नाही, अंगठी नाही. गेल्या महिन्यात तीन कंपन्यांची तरुण मुलं पडद्यावर उंच उंच इमारती दाखवून गेली. मी तिघांनाही विचारलं, “तुमच्या साहेबांच्या घरी कधी येऊ? न्हाणीघर बघायचंय.” एकजण म्हणाला, “काकू, आमची व्हर्च्युअल टूर आहे ना, लिंक पाठवतो.” सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला.

वसंता दर भाऊबीजेला येतो. गुडघे गेलेत, जिना चढायला वेळ लागतो, वर येऊन आधी कठड्याला टेकतो. पाटावर बसणं होत नाही म्हणून खुर्चीत बसवून ओवाळते. ओवाळणी घालून झाली की तो न चुकता विचारतो, “आक्का, पाणी कुठं साचत न्हाई ना गं?” ह्या घराचं काम त्याच्या देखरेखीखाली झालं, ढाळ त्यानं स्वतः पाणी ओतून तपासला होता. मी दर वर्षी म्हणते, “नाही बाबा.” आणि दर वर्षी ते म्हणताना माझ्या पोटात थोडं दुखतं.

यंदाही तो येऊन गेला. रिक्षा वळून दिसेनाशी झाल्यावर मी न्हाणीघरात गेले, तांब्याभर पाणी घेतलं आणि पलीकडच्या भिंतीशी ओतलं. इतकी वर्षं झाली, इमारत पाडायला निघाली, एखादी फरशी तरी खचली असेल. पाणी सरळ जाळीत गेलं, थेंबही मागे राहिला नाही. मी दुसरा तांब्या भरला.